बॅरिएट्रिक सर्जरीचा अनुभव विचारताय, मग आधी ऑपरेशनला कितवा महिना चालू आहे ते विचारा

ताई, तुमचा प्रश्न वाचला. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात परत मांडते. वय ३३, उंची पाच फूट दोन इंच, वजन १०८ किलो, चार-पाच वर्षांपासून शुगर, पीसीओडी (अंडाशयाचा, पाळी बिघडवणारा त्रास), रात्री घोरणं, आणि रोज सकाळी उपाशीपोटी ॲसिडिटीची गोळी घेतल्याशिवाय दिवस जात नाही. राहायला नाशिकच्या सिडकोत. लग्नाला सहा वर्षं झाली, मूल हवंय. डॉक्टरांनी स्लीव्ह, म्हणजे वजन उतरवण्यासाठी जठर कापून लहान करायचं ऑपरेशन (बॅरिएट्रिक सर्जरीचा एक प्रकार), करून घ्या म्हणून सांगितलंय. वजन कमी करायच्या इंजेक्शनांबद्दलही तुम्ही विचारलंय. ऑफिसातली मैत्रीण म्हणते माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला निर्णय, आणि तुमच्या चुलत जाऊबाई म्हणतात चुकूनही त्या वाटेला जाऊ नको, माझे केस गेले, जेवण गेलं, तोंडावरची रया गेली. आणि तुम्ही विचारताय की दोघींपैकी खरं कोण बोलतंय.

दोघीही खरं बोलतायत. मी गेली १६ वर्षं नाशिकमध्ये बॅरिएट्रिक टीमबरोबर आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. ऑपरेशन सर्जन करतात, पण नंतर रात्री साडेदहाला "मॅडम, घास अडकलाय, काय करू" असा फोन येतो तो मला, त्यामुळे पेशंटचं खरंखुरं बोलणं माझ्या कानावर जास्त पडतं. आणि इतक्या वर्षांत मला एक गोष्ट पक्की कळलीये, ती म्हणजे या सर्जरीचा अनुभव माणसागणिक जितका बदलतो त्यापेक्षा जास्त महिन्यागणिक बदलतो. तेच माणूस, तेच पोट, पण दुसऱ्या आठवड्यात विचारलं तर म्हणेल कुठून झक मारली आणि हे केलं, चौथ्या महिन्यात विचारलं तर कंगव्यातले केस दाखवेल, दहाव्या महिन्यात विचारलं तर जुनी पँट घेऊन येईल आणि दोन्ही पाय एकाच पायात घालून दाखवेल, आणि चौथ्या वर्षी विचारलं तर कधीकधी विषयच बदलेल. म्हणून मैत्रिणीला आणि जाऊबाईंना पहिला प्रश्न हा विचारा की ऑपरेशनला किती महिने झाले. माझा अंदाज आहे मैत्रीण आठव्या ते बाराव्या महिन्यात असेल आणि जाऊबाई तिसऱ्या-चौथ्या.

आता आधी हे ऑपरेशन नक्की काय आहे ते, कारण बरेच जण "पोटाला टाके घालतात" इतकंच समजून येतात. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग स्टेपलरने कापून कायमचा बाहेर काढतात, राहते ती केळ्याच्या आकाराची अरुंद नळी. नुसती जागा कमी होते असं नाही, जठराचा जो वरचा फुगीर भाग जातो त्यात घ्रेलिन नावाचं भुकेचं हार्मोन तयार होतं, ते एकदम खाली येतं, म्हणून पेशंट सांगतात की भूक ही भावनाच विसरल्यासारखी झाली. दुसरा प्रकार बायपास, त्यात जठराची साधारण ३० मिलीची छोटी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात, बाकीचं जठर आत तसंच राहतं पण अन्न तिकडून जात नाही. मिनी बायपास हा त्यातलाच एक प्रकार, जोड दोनऐवजी एकच. स्लीव्ह झाल्यावर परत मूळ जठर करता येत नाही हे नीट लक्षात घ्या, सही करण्याआधी.

तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती आहे त्याचा आकडा, येतो ४४ च्या आसपास. आपल्या लोकांमध्ये पोटावरची चरबी जास्त आणि शुगर लवकर, म्हणून आशियाई लोकांसाठी सर्जरीची रेषा गोऱ्या लोकांपेक्षा खाली धरतात. तुम्ही त्या रेषेच्या बरंच वर आहात, त्यामुळे "एवढ्यासाठी ऑपरेशन?" असं कोणी म्हणालं तर ते बाजूला ठेवा. ही नटण्यामुरडण्याची सर्जरी नाही. स्वीडनमध्ये १९८७ पासून हजारो पेशंट वर्षानुवर्षं बघत आले त्या अभ्यासाचा निकाल २००७ मध्ये आला, त्यात सर्जरी झालेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण तशाच वजनाच्या, सर्जरी न झालेल्या लोकांपेक्षा कमी दिसलं. वजन काट्यावर दिसतं म्हणून लोक वजनाबद्दल बोलतात, पण खरी कमाई शुगर, बीपी आणि झोपेत असते.

पण आकड्यांचं गणित आधीच सांगते कारण इथेच पुढे सगळ्यात जास्त रडारड होते. स्लीव्हनंतर वर्ष-दीड वर्षात मूळ वजनाच्या साधारण २५ ते ३० टक्के वजन जातं. म्हणजे तुमचे १०८ मधले २७ ते ३२ किलो, तुम्ही ७६ ते ८१ च्या आसपास थांबाल. कोणाचं जास्त जातं कोणाचं कमी, पण ५५ होणार नाही. माझ्याकडे सातपूरच्या एका कंपनीत काम करणारी एक मुलगी होती, ११८ ची ८२ झाली, शुगरच्या दोन्ही गोळ्या बंद झाल्या, पाळी नियमित झाली, आणि तरी समोर बसून ढसाढसा रडली की मॅडम माझं ऑपरेशन फेल गेलं. कारण तिला कोणीतरी सांगितलं होतं की तू लग्नाच्या वेळच्या वजनावर येशील. ३६ किलो कमी करून माणूस हरल्यासारखा रडतोय हे बघणं फार वाईट असतं, आणि ते पूर्णपणे टाळता येतं, आधी खरा आकडा सांगितला की.

ऑपरेशनआधीच्या तपासण्या भरपूर असतात, कंटाळू नका. रक्ताच्या सगळ्या, त्यात बी १२, डी, लोह, थायरॉइड, तीन महिन्यांची शुगर, मग सोनोग्राफी, हृदयाची टूडी इको, आणि तुम्ही घोरता म्हणून झोपेची तपासणी. झोपेत श्वास अडकत असेल तर आधी काही दिवस झोपेत मास्कमधून हवेचा दाब देणारं सीपॅप मशीन लावून घेतात, भूल देताना त्याचा खूप फरक पडतो. आणि दुर्बिणीने जठराची तपासणी, म्हणजे एंडोस्कोपी, ही तुमच्या बाबतीत अजिबात सोडायची नाही, ते पुढे सांगते का. साधारण दोन आठवडे आधी कमी कॅलरीचं, जास्त प्रोटीनचं जेवण देतो, त्याचं कारण लिव्हर. आपल्याकडे फॅटी लिव्हर इतकं सर्रास असतं की ते सुजून जठरावर पसरलेलं असतं, दोन आठवड्यांत ते आकसतं आणि सर्जनला नीट जागा मिळते. "उद्यापासून मिळणार नाही" म्हणून याच दोन आठवड्यांत लोक शेवटची मिसळ, शेवटची पाणीपुरी, शेवटची बिर्याणी करत फिरतात, मी रागवत नाही पण समजावते, की अहो मिसळ कुठे पळून जात नाही, वर्षभराने अर्धी वाटी तुम्हीही खाल.

ऑपरेशनचा दिवस. दुर्बिणीने असल्यामुळे पोटावर चार-पाच छोटी छिद्रं, तास-दीड तास लागतो. शुद्धीवर आल्यावर दुखतं ते बऱ्याचदा टाक्यांपेक्षा खांद्यात, आणि घरचे घाबरतात की ऑपरेशन पोटाचं आणि दुखतोय खांदा, हार्टचं तर नाही ना. पोट फुगवायला आत जो गॅस भरतात त्याने छाती आणि पोटामधल्या पडद्याला त्रास होतो आणि ती कळ खांद्यात जाणवते, एक-दोन दिवसांत जाते, चाललं की लवकर जाते. त्याच संध्याकाळी उभं करतात. पायात घट्ट मोजे, एका हाताला सलाईनचा स्टँड, दुसऱ्या हाताने नवऱ्याचा किंवा बहिणीचा खांदा, आणि कॉरिडॉरमध्ये या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या. आणि ते तीन गोळ्यांचं फुंकणीसारखं यंत्र, ज्यात श्वास आत ओढून गोळे वर न्यायचे. हे चालणं आणि श्वास ओढणं पेशंटला छळ वाटतो, पण पायात रक्ताची गुठळी होऊन ती फुफ्फुसात जाणं ही या सर्जरीतली सगळ्यात भीतीदायक गोष्ट, आणि ती टाळायची असेल तर चालणं, ते घट्ट मोजे आणि रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन, यातलं काही सोडायचं नाही.

मग पाणी. कफ सिरपबरोबर मापाचं टोपण येतं ना, तसलाच प्रकार, फक्त ३० मिलीचा. त्यातलं पाणी पंधरा मिनिटांत संपवायचं. पहिल्यांदा पितात तेव्हा मी शक्यतो समोर थांबते. एक निफाडकडचे द्राक्षबागायतदार होते, १४६ किलोचे, तांब्या वर करून घटाघटा पाणी पिणारा माणूस. त्यांनी ते माप हातात घेतलं, उलटसुलट बघितलं, एक घोट घेतला आणि थांबले. छातीच्या मधोमध हात ठेवला. म्हणाले, "पाणी उतरताना कळतंय मला." परत एक घोट. अर्धं माप संपायच्या आत म्हणाले बास, भरलं. आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, दुखण्याचं नाही, मला वाटतं त्यांना त्या क्षणी पहिल्यांदा कळलं की आता मागे फिरता येत नाही. तो क्षण जवळजवळ प्रत्येकाला येतो. कोणाला तिथेच, कोणाला घरी गेल्यावर सगळे पंगतीला बसलेत आणि आपल्यासमोर वरणाच्या पाण्याची वाटी आहे तेव्हा. त्याला घाबरू नका, निर्णय चुकला असा त्याचा अर्थ नसतो.

दोन-तीन दिवसांत घरी सोडतात. पहिले दोन आठवडे पातळ, म्हणजे गाळलेलं वरणाचं पाणी, ताक, शहाळं, सूप, पाण्यात किंवा साय काढलेल्या दुधात प्रोटीन पावडर. पुढचे दोन आठवडे मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ, म्हणजे मुगाची आसट खिचडी, पिठलं, कुस्करलेलं पनीर, अंड्याची भुर्जी, चालत असेल तर मासे. पोळी-भाकरी सहा-आठ आठवड्यांनी. पाणी आणि जेवण एकत्र नाही, अर्ध्या तासाचं अंतर. हे सगळं तुम्हाला छापील मिळेल, पण घरात जे होतं ते छापील कागदावर नसतं. सासूबाई किंवा आई चोरून भात कालवून देतात, "एवढंसं तर आहे, पोरगी वाळत चाललीये." त्यांच्या मायेवर मला शंका नाही, पण नवीन टाक्यांवर तिसऱ्या आठवड्यात भात-पोळी म्हणजे धोका. म्हणून मी ऑपरेशनआधीच्या भेटीत पेशंटपेक्षा स्वयंपाकघर ज्याच्या हातात आहे त्याच्याशी जास्त बोलते, आणि तुम्हीही सासूबाईंना बरोबर घेऊनच जा.

वरच्याच बागायतदारांचं सांगते. पाचव्या आठवड्यात रानात गेले, मजुरांबरोबर बसले, आणि सवयीने भाकरीचा तुकडा तोंडात टाकून दोनदा चावून गिळला. अडकला. छातीत दगड ठेवल्यासारखं, तोंडाला सारखं पाणी सुटतंय, खाली बसवत नाही आणि आडवं होता येत नाही. द्राक्षाच्या मंडपाच्या अँगलला धरून वीस मिनिटं उभे होते, मग उलटी झाली आणि मोकळं झालं. फोनवर म्हणाले मॅडम मला वाटलं संपलो. संपत कोणी नाही, पण त्या दिवसापासून त्यांनी घास तोंडात पेज होईपर्यंत चावायला सुरुवात केली आणि मी शंभर वेळा सांगून जे झालं नव्हतं ते झालं.

धोका म्हणाल तर, अनुभवी हातात ही सर्जरी आता बरीच नेहमीची झालीये, पण नेहमीची म्हणजे बिनधोक नव्हे. स्टेपलरची लाईन कुठेतरी गळणं, ज्याला लीक म्हणतात, हे साधारण शंभरात एखाद्याला होतं. ताप, नाडी खूप जोरात चालणं, पोटात किंवा डाव्या खांद्यात वाढत जाणारं दुखणं, धाप, यातलं काहीही पहिल्या महिन्यात झालं तर सकाळची वाट बघायची नाही, गॅस झाला असेल म्हणून ओवा खात बसायचं नाही, थेट जिथे ऑपरेशन झालं तिथे जायचं.

आणि उलट्या. याबद्दल मला जरा जास्त बोलायचंय. फार वर्षांपूर्वी मालेगावकडची एक बाई आमच्याकडे आली, तिचं ऑपरेशन दुसऱ्या शहरात झालेलं. तीन आठवडे काही टिकत नव्हतं. जिथे ऑपरेशन झालं तिथे फोन केला की सांगायचे सुरुवातीला होतंच. गावात अशक्तपणा म्हणून ग्लुकोजच्या सलाईनी लावत होते. आमच्याकडे आली तेव्हा दोन्ही बाजूंनी धरून आणलेली, पाय लटपटतायत, एकाचे दोन दिसतायत. ते बी १ व्हिटॅमिन संपल्यामुळे होतं. शरीरात त्याचा साठा दोन-तीन आठवडेच पुरतो, आणि ते संपलेलं असताना नुसतं ग्लुकोज चढवलं तर आणखी बिघडतं, आधी बी १ चं इंजेक्शन द्यावं लागतं. ती वाचली, पण नीट चालायला तिला कित्येक महिने लागले. ताई, दोन दिवसांपेक्षा जास्त सतत उलट्या झाल्या तर ते "होतंच" नसतं. कोणी कितीही मोठं माणूस म्हणालं तरी नसतं.

आता जाऊबाईंचे केस. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात, बऱ्याच जणींचे, आणि मूठभर गळतात. वजन झपाट्याने उतरलं की शरीर केसांची मुळं विश्रांतीला पाठवतं, बाळंतपणानंतर गळतात तसंच. सहसा नवीन येतात, वर्षाच्या आत. पण प्रोटीन आणि लोह कमी पडलं तर हे लांबतं, आणि आपल्या शाकाहारी घरात ते नेमकं कमी पडतं. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन हवं. एका अंड्यात साधारण ६, शंभर ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास, वाटीभर घट्ट वरणात सहा-सात. करा हिशोब, वाटीभर वरण तर तुम्ही सुरुवातीला खाऊच शकणार नाही. म्हणून माळकरी असाल, जैन असाल, काही असाल, पहिले काही महिने पावडर ही चैन नाही, औषध आहे. उपवासाचंही तेच, एकादशीची साबुदाण्याची खिचडी म्हणजे जागा सगळी स्टार्चने भरली आणि प्रोटीन जवळपास शून्य, त्यातले दाणे तेवढे. उपवास करायचाच तर दूध, दही, पनीर, शिंगाड्याचं धिरडं, आणि पहिल्या सहा महिन्यांत नवरात्राचे नऊ दिवस तर नकोच, देवीला तुमची अडचण कळते.

याच काळात थंडी फार वाजते, अंगावरची चरबी उतरलेली असते. ऑपरेशनला दोन-तीन महिने झालेले पेशंट डिसेंबरात ओपीडीत स्वेटरवर शाल घालून येतात, निफाडचा पारा उतरला की तर बघायलाच नको. चेहरा ओढल्यासारखा दिसतो. आणि लोक बोलतात. "काय गं, बरं नाही का तुला", "एवढी का वाळलीस", एकीला तर भाजी बाजारात शेजारणीने हळूच विचारलं कॅन्सर तर नाही ना. आयुष्यभर जाड म्हणून बोलणी खाल्लेल्या बाईला आता बारीक म्हणून बोलणी, ती कुठे जाणार. जाऊबाई आत्ता तिथे उभ्या असतील तर त्यांना उपदेश नको, त्यांचं बी १२, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि प्रोटीन तपासून घ्या असं सांगा, आणि सहा महिन्यांनी परत बोला.

सहा महिन्यांनंतरचा काळ मात्र खरंच सुंदर असतो, तो मी कमी करून सांगणार नाही. माणसं मला फोटो पाठवतात ते आरशातले कमी आणि जागांचे जास्त. पांडवलेणीच्या पायऱ्या चढून वर गेल्याचा फोटो. वणीला गडावर रोपवेने न जाता पायऱ्यांनी गेल्याचा. सिटीलिंकच्या बसमध्ये दोन सीटच्या बाकावर शेजारी अनोळखी माणूस बसलाय, त्याचा फोटो, खाली लिहिलेलं "मॅडम, पहिल्यांदाच कोणीतरी शेजारी बसलं." एका बाईने सांगितलं मी आता बसून पायाची नखं स्वतः कापते. एका नवऱ्याने सांगितलं की घोरणं थांबलं म्हणून पहिले चार दिवस मला झोप लागेना, उठून श्वास बघायचो. शुगरवाल्यांचं तर विचारूच नका, पण तिथे एक धोक्याची सूचना, ऑपरेशननंतर काही दिवसांतच शुगर उतरायला लागते, त्यामुळे जुने इन्सुलिन आणि बीपीच्या गोळ्या जुन्याच डोसने चालू ठेवल्या तर शुगर किंवा बीपी एकदम खाली जाऊन चक्कर येते. रोज तपासा, डोस डॉक्टरांकडून कमी करून घ्या. आणि शुगर कायमची गेली असं समजू नका, विश्रांतीला गेलीये, वजन परत चढलं तर परत येते.

सैल कातडी लटकते, दंडाला आणि पोटाला, व्यायामाने थोडी सुधारते, पूर्ण जात नाही. पित्ताशयात खडे होऊ शकतात, म्हणून बरेच सर्जन सहा महिने गोळी देतात, ती अर्ध्यात सोडू नका.

मग दीड-दोन वर्षांनी वजन थांबतं आणि थोडं परत चढतं. चार-पाच किलो चढणं अपेक्षितच आहे. पण इथेच माणसं गायब होतात. लाज वाटते. फोन उचलत नाहीत, कॉलेज रोडला समोरून दिसले तर रस्ता ओलांडतात. अहो मी काय मारणार आहे का तुम्हाला. वजन चढण्याची कारणं बहुतेक वेळा पातळ आणि गोड असतात, आईस्क्रीम, गोड चहा दिवसातून पाच वेळा, फरसाण आणि चिवडा मूठमूठ दिवसभर, कारण हे नळीतून सरसर खाली जातं, पोट भरल्याची जाणीवच होत नाही. आणि आपल्या नाशिकमध्ये वायनरी गावाच्या वेशीवर आहेत म्हणून स्पष्ट सांगते, सर्जरीनंतर, विशेषतः बायपासनंतर, दारू फार पटकन आणि फार जास्त चढते, आणि ज्यांची जेवणाची सोबत सुटली त्यातले काही जण या सोबतीला लागतात. मी दोन घरं अशी बसताना बघितलीयेत. जास्त खाणं ज्याच्यासाठी दुःखावरचं औषध होतं त्याने ऑपरेशनआधीच समुपदेशकाकडे बसायला हवं. तंबाखू, मिश्री, सिगारेटही बंदच, बायपासच्या जोडावर अल्सर होतो.

व्हिटॅमिनच्या गोळ्या आयुष्यभर. आयुष्यभर म्हणजे आयुष्यभर. बी १२, लोह, कॅल्शियम, डी, आणि वर्षातून एकदा तरी रक्त. तिसऱ्या वर्षी "आता बरं वाटतंय" म्हणून सोडलेल्या गोळ्यांमुळे पाचव्या वर्षी हातापायाला मुंग्या घेऊन आलेले पेशंट मला दरवर्षी दिसतात.

आता खास तुमचं. तुमची रोजची ॲसिडिटी मला खटकतेय. स्लीव्हनंतर नळी अरुंद होते, आत दाब वाढतो आणि जळजळ बऱ्याच जणांची वाढते, आधीच असेल त्यांची जास्त. एंडोस्कोपीत अन्ननलिकेला सूज किंवा मोठा हर्निया (जठराचा वरचा भाग छातीत सरकणं) दिसला तर अशा पेशंटला बरेच सर्जन बायपास सुचवतात, त्याने ॲसिडिटीही सुधारते आणि शुगरवरही परिणाम जोरदार. तुम्हाला स्लीव्ह सांगताना एंडोस्कोपी झाली होती का, हा प्रश्न सरळ विचारा, आणि उत्तर पटलं नाही तर दुसऱ्या सर्जनचं मत घ्या. त्यात कोणाचा अपमान होत नाही.

मुलाचं. वजन उतरलं की पीसीओडीतली पाळी सुधारते आणि अनपेक्षितपणे दिवस जातात, माझ्याकडे "आम्हाला डॉक्टरांनी होणार नाही सांगितलेलं" म्हणणाऱ्या जोडप्यांना ऑपरेशननंतर चौथ्याच महिन्यात राहिलंय. आनंदाची गोष्ट, पण वेळ चुकीची, कारण तेव्हा आईच्याच अंगात काही नसतं. १२ ते १८ महिने थांबायचं, आणि बायपास झाला तर नुसत्या गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबू नका, स्त्रीरोगतज्ज्ञांशी आधीच बोलून दुसरी सोय करा. ३३ वय आहे, दीड वर्ष थांबलात तरी पस्तिशीच्या आत आहात. थांबणं तुम्हाला कठीण जाईल हे मला माहितीये, घरातून विचारणा होत असेल, म्हणूनच सासूबाईंना बरोबर न्या म्हटलं, ही गोष्ट त्यांनी डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेली बरी.

वजन कमी करायच्या इंजेक्शनांचं विचारलंत. २०२५ मध्ये मौंजारो (टिर्झेपटाइड) आणि वेगोवी (सेमाग्लुटाइड) दोन्ही भारतात आली. औषधं चांगली आहेत, चाचण्यांमध्ये सेमाग्लुटाइडने सरासरी १५ टक्के आणि टिर्झेपटाइडच्या मोठ्या डोसने २० टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं. पण बंद केली की वजन मोठ्या प्रमाणात परत येतं, आणि मूल हवं असेल तर गर्भधारणेच्या आधी बंद करावीच लागतात. तुमच्या वजनाला आणि शुगरला मला सर्जरीचं पारडं जड वाटतं, पण ऑपरेशनची भीती रात्रीची झोप उडवत असेल तर एंडोक्रिनोलॉजिस्टना, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांना, भेटून हा रस्ता विचारणं गैर नाही.

पैशाचं एकच. आरोग्य विम्याच्या नियमात बीएमआय ४० च्या वर असेल तर ही सर्जरी कव्हर होऊ शकते, ३५ च्या वर असेल तर ठरावीक गंभीर आजार बरोबर लागतात. तुम्ही ४४ वर आहात. पॉलिसीचा वेटिंग पीरियड, म्हणजे किती काळाने हे कव्हर सुरू होतं ते, बघा, डॉक्टरांकडून आधी डाएट-औषधं करून झाल्याची लेखी नोंद घ्या, आणि हॉस्पिटलचं एस्टिमेट घेताना स्टेपलरचे कार्ट्रिज (पिनांचे संच) धरलेत की वेगळे हे विचारा, बिल तिथेच फुगतं.

मैत्रिणीला आणि जाऊबाईंना एका दिवशी घरी बोलवा, शक्य असेल तर. वजन किती उतरलं हे विचारू नका. काल दिवसभरात काय खाल्लं, शेवटचं रक्त कधी तपासलं, आणि कोणत्या महिन्यात सगळ्यात जास्त एकटं वाटलं, हे तीन विचारा. एंडोस्कोपीचा रिपोर्ट आला की इथेच टाका, नाव झाकून, मी बघते.